घरच्या ज्येष्ठांना फॅमिली डॉक्टरांपर्यंत नेताना: कोल्हापुरातल्या जिन्यापासून चिठ्ठीपर्यंत

मंगळवार पेठेतल्या एका आजींचं वरचं बीपी आमच्या दवाखान्यात दर खेपेला एकशे ऐंशीच्या आसपास यायचं. गोळी वाढवली, मीठ कमी केलं, खर्डा-लोणचं बंद केलं, तरी तेच. दवाखाना जुन्या वाड्याच्या माडीवर. लाकडी जिना, एकोणीस पायऱ्या, आधाराला सुंभाचा दोर. एकदा संध्याकाळी डॉक्टर व्हिजिटला गेले होते आणि आजींना बाकावर अर्धा तास बसावं लागलं. डॉक्टरांनी आल्या आल्या बीपी बघितलं तर एकशे अडतीस. त्यांनी दुसऱ्या मशीनवर पुन्हा बघितलं, तेवढंच. आजीच म्हणाल्या, "रोज जिना चढून आलो की धाप लागतीया, तवर तुम्ही पट्टा बांधताय. आज जरा बसाय गावलं."

सकाळी न्हाणीत त्यांना चक्कर यायची ती वाढवलेल्या गोळीची होती, हे त्या दिवशी कळलं. डॉक्टर हुशार होते, प्रेमळ होते. चूक जिन्याची होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

मी त्या दवाखान्यात नंबर लिहायला एकवीस वर्षं बसले. त्यानंतर स्वतःच्या आईला घेऊन समोरच्या बाकावरही बरीच वर्षं बसले. दोन्हीकडून बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. कोल्हापुरात डॉक्टरांची टंचाई नाही. म्हातारं माणूस अडतं ते घराचा उंबरा आणि डॉक्टरांसमोरची खुर्ची यांच्या मधल्या वाटेवर. रिक्षा, जिना, नंबर, मोबाईल, ऐकू न येणं, सोबत कुणी नसणं, फाइल न सापडणं. यातली प्रत्येक अडचण लहान आहे आणि घरच्या माणसांना सोडवता येण्यासारखी आहे. ती कशी, ते पुढे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: डॉक्टर एकच धरा, आणि बरं असताना धरा

आपल्याकडे दुखणं अंगावर काढायचं आणि असह्य झालं की थेट स्पेशालिस्टकडे धावायचं, अशी रीत पडली आहे. गुडघ्याला एक डॉक्टर, शुगरला दुसरे, हृदयाला तिसरे, आणि रात्री ताप आला तर कोपऱ्यावरचं मेडिकल. चौघांच्या गोळ्या एका पोटात जातात, पण चौघांना एकमेकांचा पत्ता नसतो. सगळं एकत्र बघणारं एक माणूस लागतं, आणि तेच फॅमिली डॉक्टरांचं काम.

डॉक्टर ठरवताना ज्येष्ठांना बरोबर न घेता आधी एकट्याने जाऊन या. दवाखान्याबाहेर उभं राहून बघा. रिक्षा दारापर्यंत येते का? पायऱ्या किती, आणि धरायला कठडा आहे का? बसायच्या खुर्चीला हात आहेत का? हात नसलेल्या बाकावरून उठताना गुडघे गेलेल्या माणसाचे हाल होतात. संडास त्याच मजल्यावर आहे का? ही शेवटची चौकशी लोक संकोचाने करत नाहीत. पण लघवीच्या भीतीने सकाळपासून पाणी न पिता दवाखान्यात येणाऱ्या बायका मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. त्यांना चक्कर येते ती आजाराने कमी आणि तहानेने जास्त.

मग काउंटरवर पाच गोष्टी विचारा. डॉक्टर घरी व्हिजिटला येतात का आणि किती अंतरापर्यंत? नेहमीच्या पेशंटशी फोनवर बोलतात का, कोणत्या वेळी? ते गावाला गेले तर कोण बघतं? रविवारी काय? फी किती? विचारायला लाजू नका. शिक्षणाचीही चौकशी करा. आपल्याकडे एमबीबीएस (ॲलोपॅथी), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) असे सगळेच फॅमिली डॉक्टर म्हणून बसतात, त्यामुळे कोण काय आहे हे माहीत असावं. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला असायला हवा.

निवड झाली की ज्येष्ठांना एकदा ठणठणीत असताना घेऊन जा. नुसती ओळख करून द्यायला. वजन, बीपी, शुगर, जुने ऑपरेशन, कशाची ॲलर्जी, हे त्या दिवशी लिहून होतं. पुढे दोन वर्षांनी रात्री फोन केला तर डॉक्टरांना चेहरा आठवतो. या एका भेटीची किंमत मी सांगू शकत नाही.

दुसरी पायरी: वार आणि वेळ

रविवारी बहुतेक दवाखाने अर्धे किंवा पूर्ण बंद असतात, म्हणून सोमवारी सकाळी झुंबड उडते. माझ्या वहीत सोमवारचे नंबर इतर दिवसांच्या जवळपास दुप्पट असायचे. अगदी अडलं नसेल तर म्हाताऱ्या माणसाला सोमवारी नेऊ नका. मंगळवार ते गुरुवार बरे. संध्याकाळी सात वाजल्यानंतर ऑफिस सुटलेली आणि शाळकरी पोरांना घेऊन आलेली गर्दी असते. सकाळी दवाखाना उघडतानाचा पहिला अर्धा तास किंवा दुपारी बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास, ही आपली वेळ.

शहरातलं वेळापत्रकही ध्यानात असू द्या. नवरात्रात महाद्वार रोड आणि भवानी मंडपाच्या बाजूला रिक्षा आत येत नाही. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवसापासून पेठांमधले रस्ते बंद व्हायला लागतात. या दिवसांत पडणाऱ्या तपासण्या आठवडाभर आधी उरकून घ्या आणि गोळ्या भरून ठेवा.

गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडून येणाऱ्यांसाठी: ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि बायकांना १७ मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. वयाचा पुरावा जवळ ठेवा. सवलत एसटीची आहे, केएमटीची म्हणजे शहर बसची नाही. स्टँडवर उतरल्यावर पुढची रिक्षा कोण करून देणार, हे घरून निघायच्या आधी ठरलेलं असावं.

तिसरी पायरी: नंबर लावणं

पेशंट म्हणून आल्यावर नंबर लावणं किती अवघड झालं आहे, ते मला आईमुळे कळलं. एका मोठ्या हॉस्पिटलात नंबर फक्त मोबाईलच्या ॲपवरून मिळत होता. आईचा फोन साधा, त्यामुळे नोंदणी भावाच्या नंबरवर. तो पुण्यात मीटिंगमध्ये. ओटीपी त्याच्याकडे गेला, आणि ऐंशी वर्षांची बाई काउंटरसमोर पावणेदोन तास उभी-बसती राहिली. काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती, तिला तसंच शिकवलं होतं. पण मी तिच्या जागी एकवीस वर्षं बसलेली, मला ते फार लागलं.

म्हणून नोंदणीत मोबाईल नंबर टाकताना कोल्हापुरात जवळ राहणाऱ्या माणसाचा टाका. मुलगा अमेरिकेत असेल किंवा पुण्यात असेल, त्याचा नंबर दुसरा म्हणून द्या.

फोनवर नंबर लावताना नुसतं "नंबर लावा" म्हणू नका. नंबर लिहिणाऱ्या माणसाला ही चार वाक्यं सांगा: "आजी ऐंशीच्या आहेत. जिना हळू चढतात. फार वेळ बसवत नाही. किती नंबर राहिले की आम्ही घरून निघू?" हे ऐकल्यावर बहुतेक दवाखाने सहकार्य करतात, कारण बाकावर ताटकळलेलं म्हातारं माणूस त्यांनाही नको असतं. मी वहीत अशा नावापुढे लाल टिंब द्यायची आणि आठ नंबर राहिले की फोन करायची. तुमच्या दवाखान्यात अशी रीत नसेल तर तुम्हीच सुरू करायला सांगा.

रक्ताच्या तपासणीला उपाशीपोटी जायचं असेल तर एक गोष्ट कधीही विसरू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत बसवू नका. त्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा, आणि पिशवीत दोन चपात्या व साखरेची पुडी ठेवा. अंगाला दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि माणूस नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा बघा. सत्तरच्या खाली गेलेली शुगर म्हाताऱ्या माणसाला वाढलेल्या शुगरपेक्षा लवकर धोका करते.

चौथी पायरी: पिशवी आणि एक कागद

फाइलपेक्षा मी पिशवीला जास्त मानते. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या, सिरपं, चूर्णं, मलम, डोळ्यांचे थेंब, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं एका कापडी पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. वर्षातून दोनदा तरी.

शिवाजी पेठेतल्या एका तात्यांचे पाय सुजायला लागले होते. घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा. घरच्यांना वाटलं, किडनी गेली. पिशवी ओतल्यावर दोन स्ट्रिपा निघाल्या, एक गुलाबी आणि एक निळी, नावं वेगळी. मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हीत अम्लोडिपिन, बीपीचं औषध. एक आमच्या डॉक्टरांची, दुसरी हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळताना दिलेली. तात्या दोन्ही इमानाने घेत होते. त्या औषधाने पाय सुजू शकतात आणि डोस दुप्पट झाल्यावर ते झालं. एक बंद केली, पंधरा दिवसांत चप्पल पायात जायला लागली.

तेव्हा स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव बघू नका, खालचं औषधाचं मूळ नाव बघा. स्ट्रिप कापताना नाव आणि तारीख उरेल अशी कापा. जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळ्या आणत असाल तर उत्तम, फक्त जुनी आणि नवी दोन्ही चालू राहत नाहीत ना, हे बघा.

कागद एकच, दोन्ही बाजूंनी नको. वर नाव, वय, रक्तगट माहीत असेल तर. मग आजार आणि ते कोणत्या सालापासून. ऑपरेशनं. ॲलर्जी. रोजच्या गोळ्या: मूळ नाव, किती मिलीग्रॅम, सकाळ-दुपार-रात्र. शेवटी दोन फोन नंबर. मोठ्या अक्षरात लिहा. एक प्रत पिशवीत, एक फ्रिजच्या दारावर, एकाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. औषध बदललं की त्याच दिवशी कागद बदला. जुना फाडून टाका, नाहीतर अडचणीच्या वेळी नेमका तोच हाताला लागतो.

पाचवी पायरी: डॉक्टरांसमोरची पाच मिनिटं

गर्दीच्या दवाखान्यात पेशंटला मिळतात पाच मिनिटं, फार तर सात. त्यातली तीन मिनिटं साडी सावरण्यात, चष्मा शोधण्यात आणि "काय होतंय?" ला "बरं हाय की" म्हणण्यात जातात. आपली म्हातारी माणसं डॉक्टरांसमोर तक्रार करायला कचरतात. डॉक्टर चिडतील, पोरांना खर्च होईल, उगीच ॲडमिट करतील. त्यामुळे घरी बसून आदल्या रात्री विचारा आणि तीनच मुद्दे लिहा. सर्वांत त्रासाचा मुद्दा सर्वांत वर.

म्हातारपणी काही गोष्टी विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. गेल्या सहा महिन्यांत पडलात का, तोल जातो का? कपड्यात लघवी होते का? रात्री झोप लागते का? जेवण कमी झालं का, कपडे सैल झाले का? नावं, वाटा विसरता का? एकटं-एकटं, रडवेलं वाटतं का? यातलं काही असेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, मोठ्याने बोलायची गरज नाही.

सोबत गेलेल्या सुनेला, मुलाला माझी कळकळीची विनंती आहे. प्रश्न आजींना विचारला तर उत्तर आजींना देऊ द्या. वेळ लागेल, लागू दे. आणि शेवटी दोन मिनिटं बाहेर थांबा. कित्येक बायका घरच्यांसमोर जे बोलत नाहीत ते दार लोटल्यावर बोलतात. त्यात दुखणं असतं, कधी घरातला जाचही असतो.

ऐकू कमी येत असेल तर चांगला कान डॉक्टरांच्या बाजूला येईल असं बसवा, पंखा बंद करायला सांगा, आणि डॉक्टर मास्कमधून बोलत असतील तर सावकाश पुन्हा सांगायची विनंती करा. ओरडल्याने शब्द फुटतात, कळत नाही. चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी विसरू नका.

बीपी बघण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी नको. उठताना अंधारी येत असेल तर "उभं करून पण बघा" असं म्हणा. बसलेलं आणि उभं राहिल्यावरचं वरचं बीपी वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर पडायचा धोका आहे आणि गोळ्यांचा विचार करावा लागतो.

निघताना ज्येष्ठांकडूनच वदवून घ्या: "कोणती गोळी नवीन, कोणती बंद, परत कधी यायचं?" चुकलं तर तिथंच दुरुस्त होतं.

सहावी पायरी: दोन भेटींच्या मधलं अंतर

दरवेळी रिक्षा करून जायची गरज नसते. २०२० साली २५ मार्चला देशात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यानुसार नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर ओळखीच्या पेशंटला फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देऊ शकतात आणि चालू औषधं पुढे लिहून देऊ शकतात. त्याची फी घेता येते आणि ती द्यायला हवी. फुकट सल्ल्याची अपेक्षा ठेवली की डॉक्टर फोन उचलायचे बंद होतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

फोन करायच्या आधी आठवडाभराचं बीपी वहीत लिहून ठेवा, सकाळ आणि संध्याकाळ. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. वहीच्या पानाचा फोटो पाठवा आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेळेत फोन करा. नव्या तक्रारीसाठी, पोटदुखीसाठी, जखमेसाठी मात्र समोर जाणंच योग्य.

जे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्यासाठी

घरी येणारे डॉक्टर कमी झालेत हे खरं आहे. तरी ओळखीचा पेशंट असेल तर बरेच जण येतात, विशेषतः दुपारी दवाखाना बंद झाल्यावर. सकाळीच फोन करा, रात्री अकराला नको. फी आधी विचारा. पत्ता सांगताना गल्लीची खूण, मजला, पार्किंग कुठे, हे सांगा. पेठेतल्या बोळात एक माणूस कोपऱ्यावर उभा करा. डॉक्टर यायच्या आधी ताप, लघवीचं प्रमाण, शेवटचं जेवण, शौच हे लिहून ठेवा, पाठीवर आणि कमरेवर लाल चट्टा आहे का ते बघून ठेवा. अंथरुणातल्या जखमेची सुरुवात तिथून होते. खोलीत उजेड करा आणि हात धुवायला साबण-पाणी ठेवा.

रक्त घरी येऊन नेणाऱ्या लॅब आहेत, फिजिओथेरपिस्टही घरी येतात. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन ठेवा म्हणजे रिपोर्ट त्यांच्याकडेच जातील.

सरकारी दार

हे दार आपण फार कमी वाजवतो. गावात उपकेंद्र असतं, तिथं आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. बीपी-शुगर तपासणी आणि रोजच्या गोळ्या तिथं मिळतात. आशाताईंना सांगून ज्येष्ठांचं नाव यादीत घाला, म्हणजे त्या घरी येऊन चौकशी करतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचारांना पैसे पडत नाहीत. शहरात महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत, सावित्रीबाई फुले रुग्णालय, पंचगंगा रुग्णालय आहे. मोठ्या तपासणीला दसरा चौकाजवळचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय. तिथं जायचं तर सकाळी लवकर, सोबत एक पायाने चपळ माणूस घेऊन, कारण केसपेपर एकीकडे, तपासणी दुसरीकडे आणि औषधं तिसरीकडे असतात. ज्येष्ठांना एका जागी बसवा, पळापळ दुसऱ्याने करावी.

रांगेबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २० मध्ये सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी असं लिहिलेलं आहे. भांडू नका, नम्रपणे "ज्येष्ठांची रांग कुठली?" एवढं विचारा. नसेल तर वरिष्ठांना लेखी द्या.

७० वर्षं पूर्ण केलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधारवर वय बघतात, म्हणून आधारवरची जन्मतारीख आताच तपासा. अनेक ज्येष्ठांच्या आधारवर अंदाजाने घातलेली तारीख असते. हे कार्ड दाखल झाल्यावर चालतं, फॅमिली डॉक्टरांच्या रोजच्या फीला नाही. लोकांची इथंच निराशा होते. चौकशीला १४५५५, आणि राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी १५५३८८.

चष्मा, काठी, वॉकर, कानाचं मशीन, कमोड खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. समाजकल्याण कार्यालयात विचारा. वॉकरशिवाय दवाखान्यापर्यंत पोहोचता येत नसेल तर ही रक्कम लहान नाही.

एकटे राहणारे

मुलं बाहेरगावी आणि दोघं म्हातारी घरात, किंवा एकटंच कुणी, अशी घरं आता रुईकर कॉलनीपासून शिवाजी पेठेपर्यंत सगळीकडे आहेत. आपल्याकडे एक ताकद आहे जी दुसऱ्या शहरांत सहसा नसते, ती म्हणजे तालीम, आखाड्याभोवती जमलेलं गल्लीतल्या पोरांचं मंडळ. गणपतीत, महापुरात, रक्तदानात पोरं रात्रभर उभी राहतात. त्याच पोरांना वर्षभराचं एक काम द्या: गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी, प्रत्येकासाठी दोन पोरांची नावं, आणि महिन्यातून एकदा दवाखान्यात नेऊन आणायची पाळी. गाडीवर मागे बसवून नको, रिक्षानेच. मंडळाच्या वर्गणीतून रिक्षाचं भाडं निघतं. पोराने आत थांबायचं की बाहेर, हे आजींना विचारायचं, आणि फाइल बघितली तरी गल्लीत बोलायचं नाही. एवढा नियम सुरुवातीलाच घालून द्या.

बोलायला, सल्ल्याला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि आरोग्याच्या प्रश्नासाठी १०४.

पावसाळ्यात नदीच्या पातळीवर लक्ष ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात दवाखाने, मेडिकल सगळं बंद पडलं होतं, आणि सुतारवाडा, शाहूपुरी, आंबेवाडी-चिखलीकडून निघालेली माणसं गोळ्यांशिवाय निघाली होती. पाणी चढायला लागलं, ३५ फूट ऐकलं, की पंधरा दिवसांच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा आणि तो एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तयार ठेवा. इन्सुलिन थंडाव्याला ठेवायला मातीच्या मडक्यात ओलं कापड चालतं, बाटलीत पाणी जाऊ देऊ नका. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर इशारा पातळीची वाट न बघता आधीच पाहुण्यांकडे हलवा.

जेव्हा फॅमिली डॉक्टरांचा नंबर लावायचा नाही

तोंड वाकडं होणं, एका हाता-पायातलं बळ जाणं, बोबडं बोलणं. छातीत दाब, घाम, धाप. शुद्ध हरपणं. खुब्यावर पडून उभं राहता न येणं. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि मग फॅमिली डॉक्टरांना कळवा. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे लक्षण पहिल्यांदा किती वाजता दिसलं ते घड्याळ बघून लिहा. म्हाताऱ्या माणसाला हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, नुसती धाप आणि गळाठा येऊ शकतो. आणि कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज अचानक बरळायला लागली तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गानेही तसं होतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दवाखाना चालवणाऱ्यांना

तुमच्यापैकी कुणी वाचत असेल तर आमच्याकडे काय केलं ते सांगते, फार खर्च नाही आला. जिन्याखाली हात असलेली एक लाकडी खुर्ची ठेवली आणि भिंतीवर बेलचं बटण. चढता येत नाही अशांनी बटण दाबायचं, मी खाली जाऊन नाव लिहून घ्यायची, आणि डॉक्टर दर तासाला एकदा खाली येऊन तीन-चार जणांना तिथंच बघायचे. दोराच्या जागी लोखंडी पाइप बसवला. प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारला, कारण मोतीबिंदूच्या डोळ्यांना लाकडाच्या पायऱ्या एकसलग दिसतात. चिठ्ठीवर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढायला सुरुवात केली, वाचता न येणाऱ्यांसाठी. वहीत लाल टिंब होतंच.

मंगळवार पेठेतल्या त्या आजी पहिले दोन महिने बटण दाबायच्या नाहीत, "डॉक्टरास्नी कशाला खाली बोलवायचं" म्हणायच्या. मग मीच त्यांच्या वेळेला खाली जाऊन बसायला लागले.